आजाऱ्याच्या उशाशी



वर्षावासात दर रविवारी आमच्या विहारात ग्रंथवाचन होते. गेल्या महिन्यात वाचन आटोपल्यावर एक उपासक मागे थांबले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतली. मजुरी करून पोट भरणारा माणूस, बोलणे रोखठोक. ते म्हणाले, "गुरुजी, पोरगी बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागतोय म्हणते. मी नाही म्हणून सांगितलं. आमच्या आज्यानं, बापानं गावाची घाण काढली. ती काढायची नाही म्हणून तर आम्ही बुद्धाच्या मार्गाला लागलो. आता पोरीनं लोकांचं हागणंमुतणं उचलायचं? मग दीक्षा घेऊन बदललं काय?"

मी लगेच उत्तर दिले नाही. अशा वेळी शिकलेली माणसे हसून सांगतात की कोणतेही काम हलके नसते. पण हे वाक्य बहुधा ज्यांना ते काम कधी करावे लागले नाही त्यांच्याच तोंडी असते. त्या उपासकाच्या रागात खोटे काहीच नव्हते. १९२७ साली महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांची आशा सोडा, लाचारीचे जिणे सोडा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे लाखो लोक उभे राहिले, ते हीच लाचारी टाकण्यासाठी उभे राहिले. तेव्हा टाकलेले काम मुलीच्या हाती पुन्हा येते की काय, अशी भीती बापाला वाटली तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मी त्यांना बसवून घेतले आणि विनयपिटकातील एक प्रसंग सांगितला. तोच येथे विस्ताराने सांगतो, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरचा नाही.

महावग्गात चीवरांविषयीच्या प्रकरणात हा प्रसंग येतो. एका भिक्खूला पोटाचा विकार जडला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासांची पाहणी करीत तेथे आले. त्यांनी विचारले, तुला काय होते? त्याने पोटाचा विकार सांगितला. तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे का? कोणी नाही. भिक्खू तुझी शुश्रूषा का करीत नाहीत? या प्रश्नाला त्या आजाऱ्याने जे उत्तर दिले, त्यापाशी मी नेहमी थांबतो. तो म्हणाला की मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझे करीत नाहीत.

पाहा, तक्रार नाही. घाणीत पडलेला माणूस स्वतःच आपल्याला टाकून देणाऱ्यांचे समर्थन करतो आहे! आपल्या घरातील म्हातारी माणसेही असेच बोलतात. "माझा आता काय उपयोग, उगीच पैसा घालू नका." आणि आपणही मनातल्या मनात हिशेब मांडून मोकळे होतो.

तथागतांनी हा हिशेब मान्य केला नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग डोक्याकडून तथागतांनी आणि पायांकडून आनंदाने धरून त्याला उचलले व खाटेवर निजवले. त्यानंतर संघ बोलावला आणि सांगितले की तुमची आई येथे नाही, बापही नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. पुढे नियमही घालून दिले. उपाध्यायाने शिष्याची आणि शिष्याने उपाध्यायाची, तो बरा होईपर्यंत शुश्रूषा करावी; ज्याचे कोणी नाही त्याची संघाने करावी; न केल्यास दोष लागतो. या प्रसंगात त्या भिक्खूचे नाव दिलेले नाही. कुळ नाही, गाव नाही. आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धांच्या आजाऱ्यांविषयीच्या या कळवळ्याला वेगळी जागा दिली, ती उगाच नव्हे.

आता त्या उपासकाचा प्रश्न पुन्हा पाहू. गावाने आपल्या आजोबा-पणजोबांवर जे काम लादले ते जन्माने लादले. त्याला नाही म्हणता येत नव्हते. मोबदला म्हणजे शिळा तुकडा. आणि सर्वांत वाईट म्हणजे घाण करणारा शुद्ध आणि काढणारा अशुद्ध, असा उलटा न्याय होता. त्या भिक्खूचे अंग धुणाऱ्या हातांना मात्र कोणी हुकूम केलेला नव्हता. ज्याच्यापुढे राजे वाकत त्यानेच ते काम केले. परिचारिका शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी करून, पगार घेऊन हे काम करते, आणि तिला ते सोडताही येते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. कोणत्याही मोठ्या इस्पितळात जा आणि झाडू-पोछा व संडास सफाईवर कोण आहेत ते विचारा. बहुतेक ठिकाणी आडनावे ओळखीचीच निघतात. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली पुन्हा कडक करावा लागला, यावरून काय ते समजावे. म्हणजे जुनी विभागणी भिंती बदलून आत शिरली आहे. म्हणून मुलगी नर्स झाली म्हणजे सारे आलबेल झाले असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच, की त्या खाटेपाशी ती जे करील ते लादलेले नसेल, आणि तेथे तिला हातांबरोबर डोकेही वापरावे लागेल. हे मला ग्रंथांनी नव्हे, माझ्या वडिलांच्या आजारपणाने शिकवले.

आमचे आप्पा गवंड्याच्या हाताखाली काम करीत. तंबाखू-चुन्याची सवय जुनी. गालाच्या आत जखम झाली ती भरेना. इस्पितळात दाखवले तेव्हा कॅन्सर निघाला आणि तो बराच पसरलेला होता. आम्ही दोघे भाऊ. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, म्हणून सारे निर्णय माझ्याकडे आले. मला वाटे, निर्णय म्हणजे कोणते इस्पितळ आणि कोणता डॉक्टर एवढेच. उशाशी बसल्यावर कळले की खरे निर्णय लहान असतात आणि ते दिवसात दहा वेळा घ्यावे लागतात.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रात्रपाळीला साऱ्या वॉर्डात एकच सिस्टर. ती आपल्याच समाजातली आहे हे मला तिच्या गळ्यातल्या छोट्या बुद्धप्रतिमेवरून कळले होते. शेजारच्या कॉटवर दम्याचा एक रुग्ण होता. त्याच्या नातेवाइकांनी आल्या दिवशी तिचे आडनाव विचारले होते आणि त्यानंतर "पाणी, दूध आम्हीच पाजू" असे तिला सांगितले होते. तिने मान डोलावली होती. त्या रात्री आप्पांना तहान लागली, तोंडातल्या जखमेमुळे त्यांना चमच्याने पाजावे लागे आणि माझ्या हाताने ते जमेना. मी तिला हाक मारली. त्याच वेळी शेजारचा माणूस धापा टाकू लागला. ती तिकडे वळली तसा मी तिला हळूच म्हणालो, "ताई, आपण एकाच समाजाचे. आधी आमच्याकडे बघा ना."

ती थांबली नाही. जाता जाता एवढेच म्हणाली, "सर, आप्पांना तहान लागलीय, त्यांना श्वास येत नाहीये. येते मी."

अर्ध्या तासाने ती आली, आप्पांची उशी उंच केली, त्यांची मान किंचित पुढे झुकवली आणि चमचा चमचा पाणी पाजले. मला काही बोलली नाही. पण मी रात्रभर जागा होतो. ज्यांनी तिची जात काढली त्यांच्याकडे ती आधी धावली, आणि जात काढणारा दुसरा माणूस मी निघालो. माझ्या शाळेत मी मुलांना समता शिकवतो!

प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र देतो म्हणून मला बुद्धधम्म प्रिय आहे, असे बाबासाहेबांनी १९५६ च्या बी.बी.सी.वरील भाषणात सांगितले होते. आपण ही तीन नावे फलकावर ओळीने लिहितो. त्या रात्री मी ती एका बाईच्या चालण्यात पाहिली. ज्याची गरज मोठी त्याच्याकडे आधी जाणे ही समता. मान पुढे झुकवूनच पाणी पाजले पाहिजे हे ठाऊक असणे ही प्रज्ञा. आडव्या निजलेल्या अशक्त माणसाच्या तोंडात मायेने पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते आणि न्युमोनियाने माणूस दगावतो. माया खरी असली तरी तो दगावतोच.

आजाऱ्याची सेवा करण्यास योग्य माणूस कोण, हे सांगताना तथागतांनी पाच गुण सांगितले आहेत. त्यांतला पहिला प्रेमाचा नाही. औषध तयार करता येणे हा पहिला. पथ्य काय आणि अपथ्य काय हे कळणे दुसरा. लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे हे त्यानंतर येते. पुढे मल, मूत्र, थुंकी, वांती उचलण्याची किळस नसणे, आणि शेवटी वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याचे मन प्रसन्न करता येणे. कौशल्य आधी सांगितले आहे हे आपल्या कुटुंबांनी ध्यानात घ्यावे. जुलाब लागलेल्या लेकराचे पाणी तोडणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांची माया कोण नाकारील? १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा सलाईन अपुरे पडले म्हणून डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेले पाणी पिंपांतून ठेवले आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावले. शंभरात तीस माणसे मरत होती तेथे मरणाचे प्रमाण चाराच्याही खाली आले. पाजणारे हात घरच्यांचेच होते, फक्त त्यांना काय पाजावे हे कोणीतरी सांगितले होते.

किळसेविषयी मला स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. आप्पांना घरी आणल्यावर गालाची जखम रोज धुवावी लागे. तिला वास येई. सिस्टरने मला आणि माझ्या पत्नीला दोघांनाही ड्रेसिंग शिकवले होते. मी दोन दिवस केले. तिसऱ्या दिवशी शाळेत हजेरीपटाचे काम निघाले, चौथ्या दिवशी पेपर तपासायचे होते. पाचव्या दिवसापासून कोणी मला विचारलेच नाही. पत्नीच करू लागली. मी आप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि आपण सेवा करतो असे समजे.

मज्झिमनिकायात तथागतांचा अभय राजकुमाराशी झालेला संवाद आहे. राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय करशील? तो म्हणाला, काढीन. सहज निघाला नाही तर डोके धरून बोट वाकडे करून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया येते. बोलावे कसे हे समजावण्यासाठी तो दृष्टांत आहे, त्याकडे मी पुढे येतोच. पण मला तो वाचताना दर वेळी आप्पांचे उघडे तोंड आणि त्यातून मेलेली कातडी चिमट्याने हळूहळू काढणारी माझी पत्नी दिसते. ते विव्हळत. ती थांबे, त्यांच्याकडे पाही आणि पुन्हा हात चालवी.

आता बोलण्याविषयी. इस्पितळातच माझ्या भावाने ठरवले की आप्पांना रोगाचे नाव सांगायचे नाही. "ते खचतील," तो म्हणाला. मलाही पटले. आम्ही सर्वांना ताकीद दिली. पण आप्पांनी एका दुपारी त्याच सिस्टरला विचारले, "बाई, मला काय झालंय? पोरं सांगत नाहीत."

ती खोटे बोलली नाही आणि तिने फटकन सांगूनही टाकले नाही. तिने विचारले, "आप्पा, तुम्हाला काय वाटतं?"

"वाईट काहीतरी."

"सगळं ऐकायचंय, की थोडंच?"

आप्पा म्हणाले, "सगळं."

मग ती मला बाहेर घेऊन गेली. "सर, रोगाचं नाव सांगणं डॉक्टरांचं काम आहे, मी परस्पर सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलंय. मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. संध्याकाळच्या राऊंडला डॉक्टर येतील, तेव्हा तुम्ही जवळ बसा."

मला तिचा राग आला. पण मी चौथे शील विहारात दर रविवारी मोठ्याने म्हणतो. अभय राजकुमाराला तथागतांनी सांगितले ते असे, की जे खरे नाही ते तथागत बोलत नाहीत, मग ते ऐकणाऱ्याला कितीही गोड वाटो. खरे असून हिताचे नसेल तेही बोलत नाहीत. आणि जे खरे व हिताचे आहे, ते प्रिय असो की अप्रिय, त्याची वेळ पाहून बोलतात. सिस्टरने नेमके हेच केले होते. सत्य किती आणि केव्हा, हे तिने त्यालाच विचारले ज्याचे ते होते. आम्ही भावांनी आप्पांना सोडून साऱ्या जगाला विचारले होते.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले. आप्पा खचले नाहीत असे मी म्हणणार नाही. रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सकाळी त्यांनी मला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. कोणाचे किती देणे आहे, विहाराच्या वर्गणीचे पाचशे रुपये राहिलेत, धाकटीच्या बाळंतपणाला आईने कोणाकडून काय आणले, सारे लिहून घेतले. मग माझ्या आत्याला बोलवायला सांगितले. तिच्याशी बारा वर्षे बोलणे नव्हते. रोग लपवून ठेवला असता तर हे बारा वर्षांचे मौन तसेच गेले असते.

अंगुत्तरनिकायात नकुलपिता आणि नकुलमाता या गृहस्थ दांपत्याची हकिकत आहे. नकुलपिता अत्यवस्थ होता. बायको उशाशी बसून म्हणाली की मनात चिंता ठेवून मरू नका. मी सूत कातण्यात, लोकर पिंजण्यात कुशल आहे. मुले पोशीन, घर सांभाळीन. मी दुसऱ्या घरी जाणार नाही. शील सोडणार नाही. एकेक चिंता तिने नाव घेऊन काढली. तो बरा झाला, काठी टेकत तथागतांकडे गेला आणि तथागतांनी त्याला सांगितले की अशी बायको मिळाली हे तुझे मोठे भाग्य. ‘धम्माच्या बोलण्याने प्रसन्न करणे’ म्हणजे आजाऱ्याच्या कानाशी सुत्ते म्हणणे एवढेच आपण समजतो. नकुलमातेने सूत आणि लोकर यांचे बोलणे केले. तेही धम्माचेच बोलणे होते.

वेदनेबाबत आमच्याकडे वेगळाच पेच पडला. आप्पा दुखणे लपवत. पोरांची झोप मोडू नये म्हणून रात्री चादरीचे टोक चावून पडत. शुश्रूषा करण्यास अवघड आजारी कोण, हेही तथागतांनी सांगितले आहे. जो आपले दुखणे वाढले तर वाढले, उतरले तर उतरले असे खरे सांगत नाही, तो त्यांपैकी एक. म्हणजे आजाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केले तेव्हा वस्तीतील एक जुने, कडक उपासक म्हणाले, "ही अफू आहे. पाचवे शील मोडते." भाऊ गोंधळला. दोन दिवस औषध कपाटात राहिले आणि आप्पा तळमळत राहिले.

मी ग्रंथ उघडले. पाचवे शील प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला कारण होणाऱ्या नशेविषयी आहे. भेसज्जखंधकात पिलिंदवच्छ भिक्खूला वाताचा त्रास होता, तेव्हा तेलात मद्य घालून काढलेला काढा तथागतांनी औषध म्हणून चालू दिला. मात्र मद्याचा रंग, वास आणि चव जाणवू नये इतकेच ते असावे, असे सांगितले. शीलाचे अक्षर धरून बापाला तडफडू देणे हे शील कसले? देशाच्या कायद्यानेही हीच चूक केली होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे इस्पितळांना मॉर्फिन मिळणे दुर्घट झाले आणि ते सुलभ करण्यासाठी २०१४ साली दुरुस्ती करावी लागली. मधल्या काळात किती माणसांनी चादरी चावल्या असतील! असो. औषध दिले. त्या रात्री आप्पा झोपले.

पण शेवटच्या पंधरवड्यात ते म्हणू लागले, "आता सोडवा मला." भाऊ रडे. एका पाहुण्याने मला बाजूला घेऊन सुचवले की डोस जरा जास्त झाला तर कोण विचारतो. ते दुष्टपणाने म्हणाले नाहीत, कळवळूनच म्हणाले. विनयात याचेही उदाहरण आहे, आणि ते फार कठोर आहे. एका आजारी भिक्खूला त्याच्या सोबत्यांनी करुणेपोटी मरणाचे गुणगान ऐकवले आणि तो भिक्खू मेला. ते सोबती संघातून कायमचे बाद ठरले. करुणेपोटी केले, हे तेथे चालले नाही.

मग वेदना थांबवायला औषध द्यायचे, पण मरण यावे म्हणून द्यायचे नाही, ही रेषा उशाशी बसणाऱ्याने कशी ओळखावी? बाटली तीच, चमचा तोच. चेतना म्हणजे कर्म, असे तथागत सांगतात. पण आपली चेतना आपल्यालाही फसवते. थकलेला मुलगा "त्यांची सुटका व्हावी" म्हणतो तेव्हा त्यात स्वतःची सुटका किती असते? मला माझ्यात ती बरीच सापडली. म्हणून मी डॉक्टरांनी लिहिलेला डोस वहीत वेळेसह मांडू लागलो आणि वही पत्नीच्या हाती दिली.

या प्रश्नावर मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांनी जे केले ते मराठी माणसाला विसरता येणार नाही. त्यांची सहकारी अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला आणि ती शुद्ध हरपून पडली. पिढ्यान्‌पिढ्या नर्स बदलल्या, पण तिला भरवणे, पुसणे, कूस बदलणे थांबले नाही. तिचे अन्न थांबवू द्यावे या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. अर्ज नामंजूर झाला, न्यायालयाने परिचारिकांच्या सेवेची मुक्त कंठाने प्रशंसा केली. त्याच निकालाने कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाटही मोकळी केली. १८ मे २०१५ रोजी अरुणा वारली. बेचाळीस वर्षांच्या जवळ येणारा हा काळ. ती कोणाच्या काय उपयोगी पडणार होती? काहीजण म्हणतात, तिला इतके जगवणे हाच छळ होता. मला त्यांचेही म्हणणे सहज झटकता येत नाही. पण रोज कूस बदलणाऱ्यांचे म्हणणे, दुरून मत देणाऱ्यांच्या आधी ऐकले पाहिजे, एवढे मला नक्की वाटते.

आप्पांच्या बाबतीत एक निर्णय मात्र वेगळा पडला. त्यांना गिळता येईना तेव्हा नाकातून नळी घालण्याचा विचार निघाला. रोग फुप्फुसात गेला होता, भूक मेली होती. आप्पांनी हाताने नको म्हटले. भाऊ म्हणाला, उपाशी मारणे झाले हे. मी म्हणालो, मरणाचे गुणगान करणे वेगळे आणि ज्याने आता बरे होणार नाही असा उपाय आजाऱ्याने नाकारणे वेगळे. आपल्याला कोणते उपचार नकोत हे माणसाने आधीच लिहून ठेवले तर ते मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात म्हटलेच आहे. आप्पांचा कागद नव्हता, पण शुद्ध होती आणि हात होता. डॉक्टरांनी तीनदा विचारून केसपेपरवर लिहिले. पत्नी कापसाच्या बोळ्याने त्यांचे ओठ ओले करीत राहिली. अकराव्या दिवशी पहाटे ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार वक्ते बोलले. दोन्ही मुलांनी बापाची सेवा केली, मुले असावीत तर अशी, असे सर्वांनी सांगितले. माझ्या पत्नीचे नाव कोणी घेतले नाही. मीही माइकवर उभा होतो, मीही घेतले नाही. नंतर विनय वाचताना दिसले की आजारी भिक्खू मेला तर त्याची चीवरे आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना संघाने द्यावे, कारण शुश्रूषा करणारे फार उपकारी असतात, अशी तेथे तरतूद आहे. आमच्याकडे आप्पांची सायकल भावाने नेली, घड्याळ मी घेतले. ते घड्याळ आता पत्नीच्या हातात आहे. पट्टा मोठा होतो म्हणून तिने त्याला एक भोक जास्त पाडून घेतले.

हे सारे मी त्या उपासकाला एका बैठकीत सांगितले नाही. दोन रविवार लागले. प्लेगच्या साथीत आजाऱ्यांना उचलून आणताना स्वतः प्लेगने १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाईंचेही सांगितले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बुद्धानं स्वतः धुतलं म्हणता?"

"पाणी त्यांनी ओतलं, आनंदानं धुतलं. उचललं दोघांनी मिळून."

"मग घरात आजारी पडलं तर आमच्या पोरांनीबी उचलाय पाहिजे. पोरीनंच का?"

हे मी त्यांना सांगितले नव्हते. मी फक्त विचारले, "मुलीला काय व्हायचंय ते तुम्ही तिला विचारलं का?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "नंबर लागला म्हटली, मी नाही म्हटलं. विचारलं न्हाई."

परवाच्या रविवारी ते मुलीला घेऊन आले. जी.एन.एम.च्या प्रवेशाचे कागद पिशवीत होते. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले तर सवलत जाईल का, ही त्यांची भीती होती. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना ती मिळते, जातीचा दाखला तेवढा नीट काढा, असे मी सांगितले. मुलगी इतका वेळ काही बोलली नव्हती. बाप कागद पिशवीत घालू लागला तेव्हा तिने मला विचारले, "गुरुजी, नाईटला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात?"